‘का’च्या पुढचं ‘हून’

काकूंची देवावर श्रद्धा होती, पण भरवसा नव्हता. श्रद्धा कोणावरही ठेवता येते, असं त्यांचं म्हणणं. भरवसा मात्र अनुभव पाहून ठेवायचा असतो, आणि देवाचा अनुभव त्यांना काही फारसा चांगला नव्हता. म्हणून त्या रोज हात धुऊन त्याच्या मागे लागायच्या. मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी खालून आवाज आला, “उठ ना गा आता. इतकं कोणतं काम करून दमला तू?” मला वाटलं, काकांना उठवत असतील. जिन्यातून डोकावले तर काका कधीचे अंघोळ करून फाटकाशी पेपरची वाट पाहत बसले होते. ही सगळी झडती देवघरातल्या वीतभर बाळकृष्णाची चालली होती.

मी आर्वीची. नागपूरला एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागले होते आणि धरमपेठेच्या मागच्या एका गल्लीत मला ही खोली मिळाली होती. काकूंनी खोलीची किल्ली देताना विचारलं, “काम काय करतं वं तू?”

“छापायच्या आधी मजकुरातल्या चुका काढते.”

“त्याच्यासाठी नोकरी लागते? आमच्या सासूबाई घरबसल्या काढत होत्या.”

मग माझ्याकडे जरा निरखून पाहत म्हणाल्या, “आर्वीची म्हणतं ना? मंग अशी बातम्या दिल्यासारखी काहून बोलतं?” मी नुसती हसले. आर्वीचं ‘मले-तुले’ मी कॉलेजातच पुसून टाकलं होतं आणि त्याचा मला चांगलाच अभिमान होता. माझ्या बोलण्यावरून मी कुठली हे ओळखू येत नाही, असं कुणी म्हटलं की मला बक्षीस मिळाल्यासारखं व्हायचं. काकूंनी मात्र मला पहिल्या दिवशीच ओळखलं, आणि ते मला तेव्हा मुळीच आवडलं नाही.

त्या घरात देव हा घरातलाच एक माणूस होता, आणि त्यालाही घरातल्या माणसासारखंच वागवलं जाई. थंडीत त्याला स्वेटर असे. उन्हाळ्यात नागपूर तापलं की घरातला एकुलता एक चांगला कूलर देवघराच्या दाराशी लागे. त्या दिवसांत काकांची भक्ती फार वाढायची. एरवी नमस्काराला दोन मिनिटं देणारे काका मे महिन्यात दुपारभर पोथी घेऊन देवघरात बसत आणि बसल्या बसल्या घोरत. काकू त्यांना उठवायच्या नाहीत. “देवाले सोबत आहे,” म्हणायच्या.

देवाचं काही चुकलं की शिक्षाही होई. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात नापास झाला, तेव्हा म्हणे बाळकृष्ण तीन दिवस भिंतीकडे तोंड करून उभा होता. नैवेद्य चुकला नाही. तो पाठीमागून दाखवला. “उपाशी ठेवाचं नाही,” काकूंनी मला समजावून सांगितलं. “पण तोंड तं नाही पाह्याचं ना आपण त्याचं.” मुलाला काय शिक्षा झाली, असं मी विचारलं. “त्याले काहून? त्यानं अभ्यास केलाच नव्हता. ज्यानं कबूल केलं होतं, त्याले बोलाचं.”

पण काकूंची खरी ख्याती होती ती भजनांसाठी. दर मंगळवारी दुपारी त्यांच्या बैठकीत आठ-दहा बायकांचं मंडळ जमायचं आणि सगळी भजनं काकूंचीच असायची. शब्द त्यांचे, चाली मात्र जिथून मिळतील तिथून. लग्नाच्या बँडवरून, निवडणुकीच्या भोंग्यावरून, कुल्फीवाल्याच्या घंटीवरूनसुद्धा. “चाल रस्त्याची असते, शब्द आपले असते,” हे त्यांचं काव्यशास्त्र. महापालिकेची कचरागाडी जे गाणं वाजवत येते, त्याच्यावर त्यांनी एक काकड आरती बसवली होती. ती मंडळात इतकी चालली, की गल्लीत कचरागाडी वळली की दोघी-तिघी जणी ओल्या कचऱ्याची बादली खाली ठेवून आधी हात जोडायच्या.

लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं त्या घरात देवाला बोललेलं नवऱ्याला लागायचं. काकांनी भाजी आणताना कोवळी पाहून आणली नाही, की दुसऱ्या दिवशीच्या भजनात विदुराच्या कण्यांआधी जून भेंड्यांचा उल्लेख येई. काका ऐकून घेत. एका सरकारी कचेरीतून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि तोंडी तक्रारीची दखल घ्यायची नसते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. मी एकदा वरचा नळ सुरू ठेवून कामावर गेले, तर दुसऱ्या सकाळी खालून खड्या आवाजात सुरू झालं :

वरचा नळ गा वाहून राहिला,
कान्हा, जाऊन पाह्य;
मले जिना चढवत नाही,
तुले कवळे पाय.

मी धावत जाऊन नळ पाहिला. तो बंदच होता. भजन कालच्या नळाबद्दल होतं.

मुलाचं लग्न झालं आणि पुण्याची सून आली. मुलगी गुणी होती, पण पहिल्याच आठवड्यात मला जिन्यात गाठून हळूच म्हणाली, “एक विचारू का? आई देवाला रोज सकाळी गायला का सांगतात? ‘ऊठ, गा. ऊठ, गा.’ आणि तो गात नाही म्हणून रागावतात पण.” तो ‘गा’ म्हणजे पुण्याचा ‘रे’, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं ते मनापासून ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्हाला बरं माहीत.” मी म्हटलं, “इथं राहून कळतं.” आर्वीचं नाव मी काढलं नाही.

तर अशा या काकूंना पंचाहत्तरावं लागलं आणि मुलानं ठरवलं की आईच्या भजनांचं पुस्तक काढायचं. भजनं सगळी त्याच्याच कॉलेजच्या जुन्या जर्नलांमध्ये होती. नापास वर्षाची कोरी राहिलेली पानं काकूंनी वाया जाऊ दिली नव्हती. एका पानावर पंपाची आकृती आणि समोरच्या पानावर यशोदेचं गाऱ्हाणं, असा एकूण प्रकार होता. टाइप करणाऱ्यानं इमानदारीनं एका भजनाच्या शेवटी ‘निष्कर्ष : पंप समाधानकारक चालतो’ ही ओळही घेतली. ती मी काढली तेव्हा काकू हळहळल्या. “राहू द्याची होती वं. मनाले किती धीर देते.”

मुद्रितं तपासायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मुलगा म्हणाला, “ताई, जरा शुद्ध करून द्या. पाहुणे येतील, बाहेर प्रती जातील. लोकांनी हसायला नको.” काकू म्हणाल्या, “तूच पाह्य. तुले कळते. मी पुन्हा नाही वाचत.” हा भरवसा होता, आणि तो त्या सहसा कोणावर ठेवत नसत. मी तो लाल शाईनं खर्च केला. ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘तुले’चं ‘तुला’, ‘गा’चं ‘रे’, ‘माही’चं ‘माझी’. जिथं चाल अडखळली तिथं ती अडखळू दिली. आठ दिवसांत मी ते पुस्तक असं धुऊन काढलं, की ते सातारला लिहिलं की सांगलीला, हे कोणाच्या बापाला ओळखू आलं नसतं.

पान एकतीसवर एक लहानसं भजन होतं. मंगळवारी ते कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. काकूंनी लिहिलेलं असं होतं :

सकाळी वेणी घातली होती,
लाल रिबिन बांधली होती.
तुले तं गा लेकरं साऱ्या जगाचे,
माही एकच, काहून नेली?

मला हे भजन फार खोल वाटलं. प्रस्तावना मीच लिहून दिली होती. तिच्यात मी या भजनाबद्दल दोन ओळी घातल्या. जीव आणि शिव यांच्या वियोगाचं हे रूपक असून लाल रिबीन म्हणजे मायेचं बंधन, असं मी लिहिलं. शेवटच्या ओळीत ‘काहून’ काढून ‘का’ केलं. त्यानं ओळ आटोपशीर झाली, असंही मला वाटलं.

गुरुवारी दुपारी छापखान्यातून तीनशे प्रती आल्या. प्रकाशन रविवारी होतं. मी कामावर जायला निघाले होते, तर काकूंनी खालून हाक मारली. त्या बैठकीत खाली बसल्या होत्या, मांडीवर पुस्तक होतं. रागावलेल्या दिसत नव्हत्या. त्यांनी विचारलं, “हे कोणाचे भजनं आहे वं?”

“तुमचीच, काकू.”

“मी तं अशी बोलतच नाही.”

मी प्रमाणभाषेबद्दल सांगू लागले. छापील मजकुराचे काही नियम असतात, बाहेरच्या लोकांना कळलं पाहिजे, वगैरे. पालथ्या घड्यावर पाणी पडतंय असं मला वाटत होतं, पण त्या नीट ऐकत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “बाकीचं राहू दे. ‘मले’चं ‘मला’ केलं, चालते. देव चार बुकं शिकला आहे, घेईल समजून. पण हे वाच.” त्यांनी पान एकतीस काढलं.

मी वाचलं, “माझी एकच, का नेली?”

“मीनं ‘का’ विचारलंच नव्हतं त्याले. ‘का’ तं कोणीबी विचारते, रस्त्यानं जाता जाता विचारते. का आले, का चालले. ‘काहून’ म्हणजे सदरा धरून विचारणं असते.” त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “पन्नास वर्सं झाले, तो उत्तर शोधून राहिला. अन् तू प्रश्नच बदलवून टाकला.”

मला तरीही कळलं नाही. मी म्हटलं, “पण काकू, ते रूपक आहे ना?”

“रूपा नाही वं. बेबी. बेबीच म्हणत होतो आम्ही. चांगलं नाव शाळेत घालताना ठेवू म्हटलं होतं.”

चार वर्षांची होती. मुलाच्या आधीची. सकाळी वेणी घालून घेतली, दुपारी अंगात ताप भरला आणि दुसऱ्या दिवशी ती नव्हती. मुलाला इतकंच माहीत होतं की आपल्याआधी एक बहीण झाली होती. तिच्याबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे. काकू त्या ओळी एकट्या असल्या की गुणगुणायच्या, आणि त्यांनी सूर लावला की काका चपला घालून बाहेर पडायचे. कुठे जायचे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही. जाब विचारायचा तो एकालाच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मला लाज वाटली. नुसती चूक झाली म्हणून नाही. माझी आईसुद्धा ‘काहून’च म्हणायची. वडील गेले त्या दिवशी ती एवढा एकच शब्द दिवसभर म्हणत बसली होती, आणि तो शब्द मी लाल शाईनं कापून त्याच्या जागी आटोपशीर शब्द ठेवला होता.

मुलगा संध्याकाळी आला. त्यानं पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हणून सांगितलं. मग शुद्धिपत्र छापून आत ठेवू म्हणाला. “देव शुद्धिपत्र वाचत असते का?” काकू म्हणाल्या. “रविवारपर्यंत हे बराबर नाही झालं तं एकही पुस्तक घराबाहेर नाही जाणार. पाहुण्याइले जेवू घाल अन् वापस पाठव.” त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मुलानं प्रतींचे गठ्ठे सोडायला घेतले.

शुक्रवारी आणि शनिवारी मी रजा काढली. ओळीत एखादं अक्षर राहून गेलं की ते कुठं घालायचं, हे दाखवायला आम्ही मुद्रितशोधक एक लहानशी खूण करतो. तिला हंसपद म्हणतात. मी ती काकूंना काढून दाखवली. त्यांनी चष्म्यातून पाहिली. “हंसाचं पाऊल? मले तं कोंबडीचं दिसून राहिलं.” मग कामाची वाटणी झाली. काकू प्रत उघडून पान एकतीस काढणार, मी ‘का’च्या पुढं हंसपद घालणार, आणि सून वर ‘हून’ लिहिणार, कारण अक्षर तिचं सगळ्यांत चांगलं होतं. पुण्याच्या मुलीच्या वळणदार अक्षरात तो ‘हून’ असा काही दिसायचा, की जणू तिकडूनच मंजूर होऊन आला आहे.

पहिल्या काही प्रतींनंतर सुनेनं डोळे पुसले आणि पुढची प्रत ओढली. काकूंनी तिला हटकलं, “शाई पसरेल वं. रडाचं असन तं जरा बाजूले सरून रड.” ती बाजूला सरून रडून आली आणि परत लिहायला बसली.

काका अधूनमधून येत. झालेल्या प्रतींचा गठ्ठा उचलत, आतल्या खोलीत नेत आणि दार लोटून घेत. आम्हाला वाटलं, नीट रचून ठेवत असतील. गठ्ठा परत यायला फार वेळ लागतो, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. पण त्यांचं वय पाहता मी काही बोलले नाही. शनिवारी संध्याकाळी दिवे लागायच्या आत तीनशे प्रती झाल्या आणि काकूंनी बाळकृष्णापुढं एक नेऊन ठेवली. “घे. आता सवड काढून सांग,” म्हणाल्या.

रविवारी देवळाच्या सभागृहात चांगली गर्दी जमली. पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी पुस्तकाची फार तारीफ केली. एका साध्या गृहिणीनं इतकी निर्दोष, प्रमाण मराठी लिहावी याचं त्यांना विशेष कौतुक वाटलं. मी खुर्चीत जमेल तितकी खाली सरकले. शेवटी ते म्हणाले, “एकच गालबोट आहे. पान एकतीसवर कोणीतरी पेनानं एक अशुद्ध रूप घुसडलं आहे. शिवाय शेजारी सहीसुद्धा ठोकली आहे. पुढच्या आवृत्तीत तेवढं काढून टाकावं.”

काकूंना दोन शब्द बोलायचेच होते. त्यांनी माइक हातात घेतला. “तेवढंच एक बराबर आहे, साहेब,” त्या म्हणाल्या. लोक हसले. मग त्या प्राध्यापकांकडे वळल्या. “पण सही कोणती म्हणता तुम्ही?”

मीही माझी प्रत उघडली. सुनेच्या ‘हून’शेजारी, समासात, निळ्या शाईत एक बारीक, आखूड सही होती. कचेरीत फाइलीवरच्या खाडाखोडीशेजारी करतात तशी. माझ्या शेजारच्या बाईच्या प्रतीत होती. तिच्या पलीकडच्या प्रतीतही होती. काकूंनी चष्मा सारखा केला, प्रत डोळ्यांशी नेली आणि बराच वेळ त्या सहीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पहिल्या रांगेत पाहिलं. काका तिथं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

“दुरुस्तीवर सही लागते,” काका म्हणाले. त्यांच्यासमोर माइक नव्हता, पण सभागृह इतकं शांत झालं होतं की मागच्या रांगेलाही ऐकू गेलं. “नसली तं वर घेत नाही.”

काकू माइक तोंडाशीच होता हे विसरून म्हणाल्या, “अर्जावर सही कराले पन्नास वर्सं लावले यायनं.”

लोक पुन्हा हसले. ते दोघं हसले नाहीत. काकूंनी पेटीवाल्या बाईला सूर द्यायला सांगितला आणि पान एकतीस म्हणायला घेतलं. काका जागेवरून उठले नाहीत.